हळद जप्त

साहेब, तुम्ही माझ्या आईची हळद जप्त केलीत. हवालदार घेऊन आमच्या घरात शिरलात, मिसळणाच्या डब्यातली हळद कागदात बांधलीत, वर लाख लावलीत आणि 'संशयित रसायन' म्हणून घेऊन गेलात. त्याच दिवशी, त्याच गावात, तासभर आधी, तुम्ही कॉस्टिकचं पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलंत. दोन्ही गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

तुमचं नाव घेत नाही. घेतलं तर अब्रूनुकसानीचा दावा लावाल, आणि मुळात अब्रू होती की नव्हती हे ठरवण्यात कोर्टाचा वेळ जाईल. ठाण्याला नौपाड्यात प्रदूषण खात्याचं ऑफिस, दुसरा मजला, टेबलावर काच, काचेखाली शिर्डीचा फोटो. ओळखणारे ओळखतील. बाकीच्यांना पहिल्यापासून सांगतो.

माझी बहीण जया बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. आम्ही कोपरचे आगरी. मी काळुराम, तिचा थोरला भाऊ, सातवीतून शाळा सोडलेला. जया शिकली ती आईच्या जिवावर आणि स्वतःच्या हट्टावर. मग शिकून काय केलं? डोंबिवलीत एका खाजगी क्लासमध्ये शिकवायला लागली. तिथे शिकवणं म्हणजे गाइडातली उत्तरं हळू आवाजात वाचून दाखवणं. मुलं लिहून घेतात, पालक फी भरतात, सगळे पास होतात.

गावातल्या पोरांची शाळा आणखी भारी. शाळेत प्रयोगशाळा आहे. म्हणजे एक कपाट आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली हेडक्लार्ककडे आहे, आणि हेडक्लार्क म्हणतात, काचेचं सामान आहे, पोरं फोडतील. म्हणून सर फळ्यावर परीक्षानळी काढतात, खडूच्या द्रावणात खडूचा लिटमस बुडवतात आणि सांगतात, 'लिहा, तांबडा झाला.' पोरं लिहितात, तांबडा झाला. असा आमचा देश विज्ञान शिकतो.

जयाला हे सहन होईना. ८९ सालच्या दिवाळीनंतर तिने दर रविवारी आमच्या ओटीवर पोरं गोळा करायला सुरुवात केली. फी नाही, फळा नाही, गाइड नाही. स्वयंपाकघरात जे असेल ते. खायच्या सोड्यात लिंबू पिळून फुगा फुगवला. तुरटी गरम पाण्यात विरघळवून दोरीला खडे धरायला लावले. लोखंडाचा खिळा दुकानातून आणलेल्या मोरचुदाच्या पाण्यात टाकून त्याच्यावर तांबं चढवलं, तेव्हा चंदू नावाचं कार्टं घरातले सगळे खिळे घेऊन आलं. त्याला वाटलं, पुढच्या रविवारी सोनं.

"ताई, सोन्याचा पानी कवा करायचा?"

"तुझ्या बापाला विचार," जया म्हणाली, "त्याने जमीन विकली तेव्हा केलेलं."

पोरं खो खो हसली. आमच्याकडे जमिनी विकून झालेलं सोनं पोरांनी बघितलेलं आहे, आणि संपलेलंही.

सगळ्यांत गाजला तो हळदीचा कागद. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. साबणाचं पाणी लागलं की पट्टी लालभडक. त्याच्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. हातात पट्टी आली आणि पोरं पिसाळली. चुना तपासला, चुलीतली राख तपासली, ताक तपासलं, आजीची मिश्री तपासली. चंदू पट्टीवर थुंकला. आई रोज ओरडायची, "सगली हलद तुमच्या कागदाला! कालवन काय पांढरा करू?" पण ओरडून झालं की आणखी एक चमचा काढून द्यायची.

या पोरांत एक होती रतन. पाचवीतली. गोमाजीशेटची नात. गोमाजीशेट म्हणजे गावचा मोठा माणूस. गावदेवीच्या देवळाचा कारभार त्याच्याकडे, आणि देवळाशेजारचा मोकळा प्लॉटही त्याचाच. रतनला कुठल्याच उत्तराने समाधान व्हायचं नाही.

"ताई, हलदीला कसा कलतं गं, समोर साबन हाय म्हून?"

"कळत नाही तिला. तिचा रंग बदलतो, इतकंच."

"मंग आपल्याला कसा कलतं?"

"आपण रंग बघतो, म्हणून."

"आनि नाय बगितला तर?"

जया म्हणाली, "नाही बघितला तरी तो बदललेलाच असतो."

एका रविवारी जयाने सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या घरचं पाणी बाटलीतून आणा. नळाचं आणलं कोणी, बोअरिंगचं कोणी, चंदूने म्हशीच्या हौदातलं. सगळ्यांच्या पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. रतनने आणलं बावीचं. बाव म्हणजे आमची गावदेवीसमोरची जुनी विहीर. तिची पट्टी लाल झाली. कुंकवासारखी लाल.

"बाटली साबणाने धुतलेलीस का?" जयाने विचारलं.

"नाय गं ताई! तू सांगितलेलास ना नको म्हून!"

जया सगळी वरात घेऊन बावीवर गेली. स्वतः पोहरा सोडला, तीनदा पाणी काढून ओतून दिलं, चौथ्यांदा काढलं. पट्टी लाल. मग तिने मान वळवून बावीपलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीपलीकडे गोमाजीशेटचा प्लॉट, आणि प्लॉटवर त्याच्या भाडेकरूचा ड्रमचा धंदा.

हा धंदा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलचे कारखाने. तिथले रिकामे ड्रम टेम्पोने इथे यायचे. ड्रममध्ये कॉस्टिक सोडा आणि गरम पाणी ओतायचं, ड्रम जमिनीवर गडगडवायचा, आतली घाण सुटली की तिथेच उपडा करायचा. मग बाहेरून निळा रंग मारून विकायचा. गावातल्या अर्ध्या घरांत पाणी साठवायला हेच निळे ड्रम. उपडं केलेलं पाणी जायचं कुठे? नाल्यात थोडं, बाकी जमिनीत. आणि जमिनीतून बाव हातभर लांब.

जया गोमाजीशेटकडे गेली. मी बरोबर होतो. घरात लग्नाची गडबड; धाकटा मुलगा पंढरी याची हळद आठवड्यावर आलेली.

"शेटकाका, बावीच्या पाण्यात कॉस्टिक उतरलंय."

"ते बावीचा पानी पितंय कोन? घराघरांत नल हाय."

"गुरं पितात. बाया धुणं धुतात. हाताची सालं निघतात त्यांच्या."

"सालां साबनानं निंगतान." तो हसला. "जये, तू शिकलेली पोर. लगीन कर. मंग तुझ्या पोरांना शिकव हलद नि लिंबू."

"बरं. मग पंढरीच्या आंघोळीला तरी नळाचं पाणी घ्या."

तिथे मनुबाई बसलेली. मनुबाई आमच्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो आणि जातो. हळदीपासून सगळं होतं ते धवलारणीच्या तोंडून. ती गाते तसं लग्न चालतं. आणि रीत अशी की हळद उतरवायची ती बावीच्याच पाण्याने. सवाष्णी वाजतगाजत जातात, बावीला कुंकू लावतात, मग पाणी काढतात.

मनुबाईने जयाकडे डोळे वटारले. "नलाच्या पान्यानं न्हानार नवरा? मंग कुकू कोनाला लावायचा, तोटीला?"

सगळं घर हसलं. जयाही हसली, कारण मनुबाईचं बोलणं होतंच तसं. पण उठताना तिने पुन्हा सांगितलं, "मावशी, पाणी खरंच वाईट आहे गं." कोणी ऐकलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात चौरंगावर पंढरी बसलेला. आदल्या रात्री लावलेली हळद अंगावर बोटभर सुकलेली, डोक्यापासून पायापर्यंत. सवाष्णींनी बावीचं पाणी आणलेलं, हंड्यात कोमट केलेलं. मनुबाई गात होती, बाहेर बँजो वाजत होता. पहिला तांब्या खांद्यावर पडला आणि खांदा नारिंगी झाला. दुसरा पडला, छाती लाल. तिसऱ्या तांब्याला नवरदेव आपादमस्तक लाल. चौरंगाखालून लाल ओघळ निघून मांडवाबाहेर चालला.

गाणं थांबलं. बँजोवाल्याला उशिरा कळलं, म्हणून तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला.

मग मनुबाईने दोन्ही हात वर केले. "आई आली! आईनं कुकवाचा न्हान घातला!"

बाया लोटांगण घालायला लागल्या. पंढरी ओरडत होता, "मना आग व्हते! बंद करा पानी!"

"सोस रं बाला, आईचा हात हाय!" आणि आणखी एक तांब्या.

"आईचा कसला हात, चामडी निंगाली माजी!"

तेवढ्यात रतन पुढे घुसली. "सोडा हाय तो! आजा, सोडा हाय पान्यात!" रात्रीच्या पार्टीतली कापलेली लिंबं कोपऱ्यात ताटात पडलेली होती. तिने दोन फोडी उचलल्या आणि काकाच्या पाठीवर पिळल्या. लाल पाठीवर पिवळा पट्टा उमटला, झेंडूच्या माळेसारखा. "ह्या बगा! परत पिवला!" मग काय, चंदू आणि बाकीची पोरं ताटावर तुटून पडली. नवरदेवाच्या अंगावर पिवळे ठिपके उठले. लिंबू भाजलेल्या कातडीला लागल्यावर जे व्हायचं ते झालं. पंढरीने आता देवीलाही शिव्या दिल्या आणि पुतणीलाही.

"साध्या पाण्याने धुवा!" जया मागून ओरडत होती. "नळाच्या! भरपूर!"

कोणी हललं नाही. शेवटी पंढरी स्वतः उठला, ओल्या पंच्यानिशी धावत गेला आणि गल्लीतल्या सार्वजनिक नळाखाली जाऊन बसला. देवीचा चमत्कार सगळ्यांत आधी ज्याच्यावर झाला त्यानेच फेटाळला.

मी गोमाजीशेटकडे बघत होतो. तो नवरदेवाकडे बघत नव्हता, मनुबाईकडे नाही, रतनकडेही नाही. तो भिंतीकडे बघत होता. त्याला कळलेलं होतं. भिंतीकडून नजर काढून त्याने जमिनीवरच्या लाल ओघळाकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे, आणि मग हात जोडून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला, "आई आली!" रतनच्या कानाखाली वाजवली ती त्यानंतर.

मनुबाईचा मला राग नाही, हे इथेच सांगतो. तिने लाल पाणी बघितलं आणि तिच्याजवळ त्याच्यासाठी जो शब्द होता तो उच्चारला. खोटं ती बोलली नाही. खोटं बोलणारा तो, ज्याला दुसरा शब्द माहीत होता.

पुढचं सगळं वेगाने झालं. आठवड्यात बावीवर भगवा झेंडा, महिन्यात फरशी. दिव्याहून, भिवंडीहून माणसं यायला लागली. एकेकाच्या हातावर हळद लावायची, वर बावीचं पाणी टाकायचं, हात लाल झाला की देवी पावली. म्हणजे जयाचाच प्रयोग, साहेब. तोच, जसाच्या तसा. फक्त ओटीवर केला की रसायन आणि बावीवर केला की देवी. ड्रमवाला जोरात होता. देवळाला ऊत आल्यावर भिंतीपलीकडे कोण बघतंय? उलट त्याने भाविकांसाठी पाणी प्यायला एक निळा ड्रम भेट दिला.

जया बाटली घेऊन तुमच्या ऑफिसात आली. मी सोबत. तुम्हाला आठवत नसेल, मला शब्द न् शब्द आठवतो.

"हा कागद कसला?" तुम्ही विचारलंत.

"हळदीचा. पाणी फार अल्कधर्मी आहे सर. तुमच्या मीटरने बघा."

"बाई, सरकार हळदीवर चालत नाही, मीटरवर चालतं."

"मग मीटर लावा ना."

"मीटर दुरुस्तीला गेलाय."

"कधी येईल?"

"तो काय पाहुणा आहे, तारीख कळवून येईल?" शेजारच्या टेबलावरचा क्लार्क हसला. तुम्हालाही तुमचा विनोद आवडला.

जया म्हणाली, "निदान ड्रमवाल्याला नोटीस तरी काढा."

"ड्रम धुणं हा कारखाना नाही. धुणं आहे. धोब्यांवर आम्ही कारवाई करतो का?"

आम्ही जिना उतरलो. जयाने बाटली पिशवीत सरळ धरून ठेवलेली, गावापर्यंत, एक थेंब सांडू न देता. मला वाटलं तुम्ही विसरला असाल. पण तुम्ही विसरला नव्हता. तुमच्याकडे गोमाजीशेटची तक्रार आली: राहत्या घरात धोकादायक रसायनांचा साठा, लहान मुलांच्या जिवाशी खेळ. या तक्रारीला मीटर लागला नाही. तुम्ही गाडी काढून आलात.

आधी बावीवर गेलात. गोमाजीशेटने श्रीफळ दिलं. मनुबाईने ओंजळीत पाणी दिलं, तुम्ही ते दोन्ही डोळ्यांना लावलंत. मग तुमचे डोळे गळायला लागले. गोमाजीशेट म्हणाला, "साहेबांना भरून आला." तुम्ही रुमाल लावून मान डोलावलीत. मी दहा पावलांवर उभा होतो. तुम्हाला नेमकं काय झोंबतंय हे तुम्हाला एका बाटलीवरून सांगितलं गेलेलं होतं, तुमच्याच टेबलावर. तरी तुम्ही मान डोलावलीत.

त्या सुजलेल्या डोळ्यांनी तुम्ही आमच्या ओटीवरून आत शिरलात. हवालदार बिचारा ओळखीचा, आमच्या शेजारच्या दामाजीचा साडू. तो फळीवरून एकेक डबा काढायचा आणि तुम्ही सांगायचात काय लिहायचं.

"पांढरी भुकटी."

"साहेब, तो खायचा सोडा."

"पांढरी भुकटी लिही. पुढे?"

"ही तुरटी. माझ्या घरी पण हाय, दाढीची."

"पारदर्शक खडे. पुढे?"

"ही हळद, साहेब. वास घेऊन बघा."

"पुरावा हुंगायचा नसतो. पिवळी भुकटी, अज्ञात."

आई मागच्या दारातून आली. "अज्ञात कशी? मी सोता जाऊन गावठानातनं कुटून आनली!" तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दारात उभी राहून बोलत राहिली, "मीठ ऱ्हायला की रं. मीठ पन न्या. तेबी पांढरा हाय." तुम्ही मीठही नेलंत.

मग तुम्ही जयापुढे छापील हमीपत्र ठेवलंत. राहत्या घरात कोणत्याही प्रकारचा रासायनिक प्रयोग करणार नाही. सही करा, नाहीतर खटला. आणि क्लासवाल्यांना पत्र, म्हणजे नोकरी गेली.

जयाने पेन हातात घेतलं. मला वाटलं ती करते सही. तिने विचारलं, "सर, भात शिजवायचा की नाही?"

"तर्क नको, बाई."

"साबणाने हात धुवायचे?"

"मी सांगितलं ना, तर्क नको."

"बरं, शेवटचं विचारते. पोरांनी विचारलं, पंढरीकाका लाल का झाला, तर काय सांगू?"

तुम्ही म्हणालात, "काही सांगू नका."

जयाने पेन खाली ठेवलं. टोपण लावून ठेवलं, नीट. "मग सही नाही करत," ती म्हणाली. तुम्ही मुदत दिलीत. मुदत येत्या सोमवारी संपते.

पोरं कमी झाली. आईबाप घाबरले. रतनला घरातून बंदी. पण गेल्या रविवारी जी चारदोन आली त्यांना घेऊन जयाने जागा शोधायला सुरुवात केली, कारण तुमच्या कागदावर 'राहत्या घरात' असं होतं आणि जया कागद शब्दाप्रमाणे वाचते. शाळा रविवारची बंद, म्हणून ती हेडमास्तरांच्या घरी गेली. हेडमास्तर म्हणाले, कपाट उघडायला शिक्षणखात्याची परवानगी लागेल, आणि तुमची पण. ती मैदानात गेली. नगरसेवकाची माणसं म्हणाली, जमाव आहे, परवानगी काढा. ती देवळात गेली. तिथे गोमाजीशेटने हात धरून बाहेर काढलं, आणि बावीवर दिवसभर हळद लाल होत होतीच. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर पोरं बसली, तर तिथल्या हवालदाराने उठवलं. मधेच कुठूनशी रतन येऊन मिळालेली. घरून दूध आणायला पाठवलेली, किटली रिकामी.

"ताई, आज कुटं करायचा?" तिने विचारलं.

जयाने माझ्याकडे बघितलं. मग तिने रतनच्या हातातली रिकामी किटली घेतली आणि तिच्याबरोबर दूध आणायला चालू लागली.

म्हणून तुम्हाला विचारतो, साहेब. सोमवारी आम्ही येतोय, जया, मी आणि जेवढी पोरं येतील तेवढी. खटला भरायचा तर भरा, तो आम्ही लढू. पण त्याच्या आधी रतनला उत्तर द्या. घरात नाही, शाळेत नाही, मैदानात नाही, देवळात नाही, रस्त्यावर नाही. मग या गावातल्या पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तरी कुठे? जागा सांगा. तिच्यासमोर, तिच्या तोंडावर सांगा.